मराठीच्या तासालाच का?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीतल्या एका मुलाने मला मेटाकुटीला आणलं आहे. त्याला इथे गणू म्हणते. आईवडील दिवाळीच्या आधी ऊसतोडीला गेले, तो आजीजवळ राहतो. पहिली-दुसरीत असताना तोही त्यांच्याबरोबर फडावर जायचा. डिसेंबरात वाचन चालू असताना त्याने शेजारच्या मुलाचं पुस्तक फाडलं. मग एकदा श्रुतलेखनाच्या वेळी कंपासपेटी भिरकावली, ती एका मुलीच्या भुवईला लागली, दोन टाके पडले. परवा फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं तर सगळ्या वर्गासमोर म्हणाला, ‘नाय लिहीत, काय करायचं ते करा.’ मी त्याला व्हरांड्यात उभं करते. तिथे तो निवांत असतो, कुत्र्याशी खेळतो. सर छड्या देतात, मग दिवसभर गप्प. गणितात मात्र तल्लख, तोंडी हिशेब सगळ्यांच्या आधी सांगतो. मुलीचे वडील आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात, दाखला देऊन टाका. सर म्हणतात, मॉनिटर करा, सुधारेल. मला वाटतं मीच कुठेतरी कमी पडते आहे. काय करू?
– एक शिक्षिका

ताई,

आधी दाखल्याचं मिटवू. ती टांगती तलवार डोक्यावर असेल तर बाकीचं काही सुचायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १६व्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात बदल झाला, पण तो पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्यापुरता. काढून टाकायची मुभा तेव्हाही कुणाला मिळाली नाही. अध्यक्षांना हे वाद न घालता सांगा, कलमाचा आकडा सांगून. शिवाय आठवण द्या की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात ते सगळ्या मुलांच्या वतीने. गणूची आजी बैठकीला येत नाही म्हणून त्याची बाजूच नाही असं होत नाही.

आता तुमचं पत्र. मी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिन्ही प्रसंगांखाली पेन्सिलीने रेघ मारली. वाचन चालू असताना पुस्तक फाडलं. श्रुतलेखनाला कंपासपेटी फेकली. फळ्यावरचं उतरवायला सांगितलं तेव्हा उलट बोलला. तिन्ही वेळा समोर अक्षरं होती. गणिताच्या तासाला त्याने काही फेकल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पोषण आहाराच्या रांगेतही नाही, मैदानावरही नाही. मूळचंच आडदांड पोर असतं तर ते सगळीकडे आडदांड वागलं असतं. हा मुलगा तास निवडतो आहे.

आणि प्रत्येक वेळी पुढे काय झालं? तो व्हरांड्यात गेला. तिथे पुस्तक नाही, वही नाही, ‘पुढची ओळ तू वाच’ नाही, उलट कुत्रा आहे. तुम्हीच लिहिलंय, तिथे तो निवांत असतो. ज्यातून त्याला सुटायचं होतं त्यातून दर वेळी सुटका झाली, तीही तुमच्याच हातून. मग तो ही युक्ती का सोडेल? दहा वर्षांचं पोर बसून असा विचार करत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या कृतीने एकदा सुटलो तीच पुन्हा हातून होते, आणि चार वेळा झाली की सवय पडते.

मुलं वर्गात त्रास देतात तेव्हा त्यातून बहुतेकदा काहीतरी मिळवत असतात किंवा काहीतरी टाळत असतात. कुणाला बाईंचं लक्ष हवं असतं, मग ते रागावलेलं का असेना. कुणाला एखादी वस्तू हवी असते. कुणाला आवाज, गर्दी, उकाडा सहन होत नाही. गणूच्या बाबतीत मला टाळाटाळीचाच संशय येतो. पण मी लांबून, एका पत्रावरून बोलते आहे, म्हणून खात्री तुम्ही करायची.

त्यासाठी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर लगेच काय झालं. सोबत वेळ. ‘आज गणूने फार त्रास दिला’ असं लिहिलंत तर त्या नोंदीचा उपयोग शून्य. असं लिहा: ‘११.५०. प्रकट वाचन, त्याच्या आधी तीन मुलं उरली होती. पाय आपटायला लागला, शेजाऱ्याचं पुस्तक ढकललं. बाहेर पाठवलं. पाच मिनिटांत शांत.’ अशा दहाबारा ओळी झाल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं. आणि तो ज्या तासांना नीट बसला तेही लिहा. आपण सगळे फक्त बिघडलेले दिवस लिहितो, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. वेळ लिहायची ती अशासाठी की कधीकधी सगळी भांडणं खिचडी मिळायच्या आधीच्या तासाभरात सापडतात. सकाळी निघताना पोटात काय होतं हे आजीला विचारायला काही हरकत नाही.

त्याच दोन आठवड्यांत कान आणि डोळे तपासून घ्या. हे मी प्रत्येक पत्राला लिहिते आणि काही वाचकांना त्याचा कंटाळा आला असेल. पण वस्त्यांवर आणि फडावर वाढलेल्या पोरांचे कान वाहतात, त्यात कुणीतरी कोमट तेल घालतं, आणि ते थांबलं की विषय संपतो. ऐकू मात्र कमीच येत राहतं. अशा मुलाला श्रुतलेखन घातलं तर त्याच्यापर्यंत अर्धे शब्द पोचणार. फळा नीट दिसत नसेल तर उतरवून घेणंही तसंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं ना, त्यांचं यंदाचं कार्ड काढून बघा. त्या दिवशी गणू गैरहजर असेल तर पथक ज्या रुग्णालयातून येतं तिथे फोन करून त्याची वेगळी तपासणी मागा. पुढची गरज पडली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, आणि हे सगळं मोफत असतं.

मग वाचनाचं. मधल्या सुट्टीत, कुणी आसपास नसताना, त्याला जवळ बसवा. चौथीचं पुस्तक नको. दुसरीचं घ्या, अडलं तर पहिलीचं. परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. ‘मला बघायचंय तुला कुठलं सोपं जातं’ एवढंच. माझा अंदाज आहे की साधे शब्द तो वाचेल आणि जोडाक्षराला अडकेल, किंवा पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द मनानेच जोडेल. तसं असेल तर चौथीचा उतारा सगळ्या वर्गासमोर वाचायची पाळी जवळ येते तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल याचा विचार करा. गणितात सगळ्यांच्या आधी उत्तर देणारा हा पोरगा. ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘डांबिस’ ठरणं त्याला परवडतं. डांबिसाला वर्गात निदान मान तरी असतो.

इथे एक सावधगिरी. ‘अध्ययन अक्षमता असणार’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. ही अडचण खरी असते. महाराष्ट्राने १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे. पण तिचं निदान करताना आधी हे बघावं लागतं की मुलाला शिकायची पुरेशी संधी मिळाली होती का. गणूची पहिली-दुसरी कशी गेली? दिवाळीच्या सुमारास फडावर, मार्च-एप्रिलमध्ये परत, म्हणजे दोन्ही वर्षं निम्मी कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत. अक्षरओळख ज्या महिन्यांत पक्की होते तेव्हा हा धाकट्या भावंडाला सांभाळत किंवा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत असेल. त्याला कदाचित कुठलीच अक्षमता नसेल, त्याला फक्त कुणी शिकवलेलंच नसेल. दोन्ही शक्यतांत उद्याचं काम मात्र एकच आहे: रोज पंधरा मिनिटं, जिथे तो अडतो तिथपासून. प्रमाणपत्राची वाट बघायची नाही. तीनचार महिने नेटाने करूनही गाडी हलली नाही तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना लेखी पत्र द्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

दरम्यान रोजचा मराठीचा तास तर आहेच. त्यासाठी मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं.

ओळीने प्रत्येकाला वाचायला लावणं काही दिवस बंदच ठेवा, सगळ्या वर्गासाठी. त्याने कुणाचं नुकसान होत नाही, उलट वाट बघत बसलेली मुलं मोकळी होतात. जोडीने वाचू द्या, एकत्र वाचू द्या. गणूला आदल्या दिवशी दोनच ओळी सांगून ठेवा: ‘उद्या या दोन ओळी तुझ्या.’ घरी आजीसमोर दहा वेळा म्हणून येऊ दे. पाठ झाल्या तरी चालतील, आत्ता चालतील.

दुसरं, त्याला सुटकेचा सभ्य रस्ता द्या. त्याच्याशी खासगीत ठरवा: फार झालं असं वाटलं की पाटी उलटी ठेवायची. पाटी उलटी दिसली की तुम्ही त्याला काही विचारायचं नाही. तो उठून माठाजवळ जाईल, पाणी पिईल, परत येऊन बसेल. परत येणं हा ठरावातला महत्त्वाचा भाग, कारण काम टळत नाही, फक्त श्वास घ्यायला उसंत मिळते. पहिल्या आठवड्यात तो दर पाच मिनिटांनी पाटी उलटी करेल, आणि सर म्हणतील, बघा, डोक्यावर बसला. बसू द्या. फेकाफेकीपेक्षा पाटी बरी. पाटीने खरंच काम होतं ही खात्री पटल्यावर तिचा वापर कमी होतो, मग तुम्ही ‘आधी एक ओळ, मग पाटी’ असं हळूहळू वाढवू शकता.

आणि व्हरांडा बंद. हे जड जाणार आहे. जी युक्ती इतके दिवस चालली ती अचानक चालेनाशी झाली की पोर ती आणखी जोरात करून बघतं. नळाला पाणी आलं नाही की आपण तोटी आणखी पिळतो, तसंच. म्हणून दोनचार दिवस आधीपेक्षा वाईट जातील. उपाय फसला असं समजून तेव्हा सोडून दिलंत तर मात्र त्याला नवा धडा मिळेल की पुरेसा आरडाओरडा केला की बाहेर जाता येतं. त्या दिवसांत कंपासपेट्या कपाटात ठेवा, पाट्या आणि पेन्सिली पुरतात.

भडका उडालाच तर कमी बोला. आवाज खाली. त्याच्या अंगावर जाऊन उभं राहू नका, दंड धरू नका, ‘सॉरी म्हण आधी’ तर मुळीच नको. बाकीच्या मुलांना काहीतरी लिहायला द्या म्हणजे प्रेक्षक कमी होतात. ‘मी इथे आहे, शांत झालास की बोलू’ एवढं एक वाक्य पुरतं. समजावणं, जाब विचारणं, हे सगळं तासाभराने. डोकं तापलेलं असताना पोराला काही ऐकूच येत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नाही.

सरांच्या छडीबद्दल. याच कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण दोन शिक्षकांच्या शाळेत तुम्ही सरांना कलम दाखवून सुरुवात केलीत तर उरलेलं वर्ष कसं जाईल, ते मी समजू शकते. वही दाखवून सुरुवात करा. छडी बसली त्या दिवशी तो गप्प होता, आणि त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला पुन्हा काय झालं, हे तारखेनिशी समोर ठेवा. माणूस कलमापेक्षा स्वतःच्या शाळेतल्या नोंदीला लवकर मान देतो. त्यानेही छडी थांबली नाही तर मग कलम आहेच. तिथे भीड ठेवू नका.

मॉनिटर करण्याचा सल्ला मला विचाराल तर मुळीच पटत नाही. आपल्याकडे हा रामबाण समजला जातो. जो दांडगाई करतो त्याच्याच हाती बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा अधिकार द्यायचा, आणि मग तिसरीतल्या पोरांनी त्याला बोरं आणून द्यायची. शिवाय नावं लिहायची म्हणजे पुन्हा अक्षरंच! जबाबदारी जरूर द्या, पण जी त्याला जमते ती. रोज सकाळी चारी वर्गांची हजेरी मोजून पोषण आहाराची किती ताटं लागणार हा आकडा त्याने स्वयंपाकाच्या मावशींना सांगावा. आकडा बरोबर आला की मावशीच त्याचं कौतुक करतील, आणि ते तुमच्या कौतुकापेक्षा त्याला खरं वाटेल.

त्या मुलीकडे मात्र आपलं सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं आहे, तुमच्या पत्रातही ती टाक्यांपुरतीच आली. तिला वर्गात बसायची भीती वाटते का, जागा बदलून हवी का, हे तिलाच विचारा. तिच्या घरी स्वतः जा, आणि काय बदल केलेत ते तिच्या वडिलांना सांगा. पेट्या कपाटात गेल्या, जागा बदलली, वही ठेवली. दाखला देत नाही एवढंच ऐकवलंत तर त्यांना वाटेल की त्यांच्या पोरीच्या जखमेची किंमत कुणाला नाही. गणूने तिच्यासाठी काय करावं हे तो शांत असताना त्यालाच विचारा. मुलं बहुतेकदा आपल्यापेक्षा बरं काहीतरी सुचवतात.

घरचं बघू. आईवडिलांचा फोन लागत नाही अशी तक्रार मी शिक्षकांकडून नेहमी ऐकते. फडावर पहाटे अंधारात कोयता सुरू होतो, गाडी भरायला मध्यरात्रही होते, मध्ये कधी जेवण, कधी डुलकी. मुकादमाकडे निरोप ठेवा आणि बोलायची वेळ त्यांनाच सांगू द्या. पहिला फोन तक्रारीचा नको. ‘तुमचा पोरगा हिशेबात वर्गात पहिला आहे’ हे सांगायला करा, आणि गणू शेजारी उभा असताना करा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना परत येता येणार नाही, मग लांबून रागावून ते करणार तरी काय? आजीला त्याला मारायला सांगतील, एवढंच. तुमच्या भागात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह चालू असेल तर तिथे त्याची संध्याकाळची जेवणाची, अभ्यासाची सोय होते का, ते मुख्याध्यापक म्हणून सरांनीच बघावं.

आणखी एक गोष्ट, तुमच्या पत्रात तसं काही सूचित नसलं तरी. आईवडील लांब असलेलं मूल अचानक बदललं, विशिष्ट माणसाला किंवा जागेला घाबरायला लागलं, अंथरूण ओलं करायला लागलं, अंगावर न सांगता येणारे वळ दिसले, तर वर्तन-बिर्तन बाजूला ठेवा. खोदून खोदून विचारू नका, त्याने जेवढं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यायची असा काही नियम त्यात नाही.

तुम्ही कमी पडता का? दोन वर्ग एका खोलीत, वर मतदार याद्या, वर रोजची ऑनलाइन माहिती, आणि त्यात तुम्हाला त्याचा तोंडी हिशेब लक्षात राहिला, त्याला व्हरांड्यात निवांत वाटतं हेही दिसलं. कमी पडणाऱ्या बाईला हे दिसत नाही. तुम्ही थकला आहात, ते वेगळं. रात्री झोप उडत असेल तर १४४१६ ही टेलीमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची, हेल्पलाइन तुमच्यासाठीसुद्धा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शेवटी कॅलेंडर बघा. मार्च-एप्रिलमध्ये आईवडील परततील तेव्हा तो पुन्हा थोडा बिथरेल. आनंदानेही मुलं बिथरतात, तेव्हा नवीन काही सुरू करू नका. आणि तुमची शाळा चौथीपर्यंतची असेल तर जूनमध्ये तो पाचवीला दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत जाईल. तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला उभं करून उतारा वाचायला सांगणार. त्याआधी तिथल्या वर्गशिक्षकांना गाठा, पाटीचा ठराव समजावून सांगा, आणि तुमची वही त्यांच्या हातात द्या. गणूला एकदा ती शाळा दाखवून आणता आली तर फारच बरं. पंधरवड्याच्या नोंदी झाल्या की मलाही कळवा, विशेषतः माझा अंदाज चुकीचा निघाला आणि गणिताच्या तासालाही काही उडालं तर. मग आपल्याला वेगळ्या दिशेने विचार करावा लागेल.